मजकुराचा ठावठिकाणा

खेडचा भरणे नाका मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने परशुराम घाटाच्या रोखाने निघालेल्या प्रवाशाने लोटे येथे, औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर, घटकाभर थांबून येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरांकडे निरखून पाहिले, तर धोक्याचा माल वाहणाऱ्या टँकराच्या अंगावर एक आखीव फलक आणि त्या फलकावर ठळक असा एक चार आकडी क्रमांक त्याला दिसेल. तो १८३० असेल तर आत गंधकाम्ल आहे, १७८९ असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, १२९४ असेल तर टोल्यूइन आहे. ज्या द्रव्याला आजचे पाठ्यपुस्तक सल्फ्युरिक आम्ल म्हणते, जुन्या पिढीने ज्याला गंधकाम्ल म्हटले, उत्तरेकडून आलेला चालक ज्याला तेजाब म्हणतो आणि कारखान्याच्या दप्तरात ज्याची नोंद इंग्रजीत होते, त्या एकाच द्रव्याची नावे मुलखागणिक बदलली तरी संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी ठरवून दिलेला तो आकडा बदलत नाही. आणि घाटात टँकर उलटलाच, तर मदतीला धावणाऱ्या माणसाला त्या एका आकड्यावरून पुढची सारी माहिती, म्हणजे पाणी मारावे की न मारावे, लोकांना किती दूर हटवावे, ही पुस्तिकेत एका जागी लिहिलेली सापडते. नाव अनेक, ओळख एक, आणि त्या ओळखीच्या मागे असलेला मजकूर एकाच ठिकाणी सांभाळलेला, अशी ही व्यवस्था आहे.

मोबाइलवरील ॲप रचणाऱ्यांच्या व्यवसायात याच व्यवस्थेला फार मोठे महत्त्व आहे, आणि तिची ओळख सामान्य वाचकाला व्हावी एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे. संगणकाच्या परिभाषेत अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांच्या सलग मालिकेला स्ट्रिंग म्हणतात. आपण पडद्यावर जे जे वाचतो, ‘पुढे’, ‘रद्द करा’, ‘आपला अर्ज स्वीकारला गेला’, ते ते सारे यंत्राच्या दृष्टीने स्ट्रिंगच होय. आणि ज्याचे मूल्य आज्ञावली चालू असताना बदलत नाही त्याला, गणितातला आपला जुनाच शब्द वापरून, स्थिरांक म्हणतात. या दोहोंचा संयोग म्हणजे स्ट्रिंगचा स्थिरांक: मजकुराला एक कायमचे नाव द्यावयाचे, तो मजकूर एकदाच आणि एकाच जागी लिहावयाचा, आणि इतरत्र जेथे जेथे त्याची गरज पडेल तेथे मजकूर पुन्हा न लिहिता केवळ त्याच्या नावाचा हवाला द्यावयाचा.

ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला परकी वाटण्याचे कारण नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात एक क्रमांक लिहिलेला असतो, तो फेरफाराचा क्रमांक. जमीन वारसाने आली की खरेदीने, वाटणी कोणत्या तारखेला झाली, हरकत कोणी घेतली आणि नोंद प्रमाणित कोणी केली, हा सगळा वृत्तान्त उताऱ्यावर लिहीत नाहीत. तो गाव नमुना सहा या फेरफार नोंदवहीत असतो, आणि उतारा फक्त क्रमांकाने त्याकडे बोट दाखवतो. तो वृत्तान्त दहा उताऱ्यांवर दहा वेळा उतरवला असता तर दहा कारकुनांच्या हातून त्याचे दहा पाठभेद झाले असते आणि दिवाणी न्यायालयांत त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले असते, हे जमाबंदीची ही पद्धत बसवणाऱ्यांनी ओळखले होते.

समजा, लोट्याच्या शेजारी लवेल येथे जे अभियांत्रिकी महाविद्यालय २००७ सालापासून चालू आहे, तेथील एखाद्या विद्यार्थ्याने वसाहतीतील कामगारांसाठी सुरक्षिततेचे एक ॲप करावयास घेतले. वायुगळतीचा इशारा मिळाला की पडद्यावर मजकूर उमटावा: ‘वायुगळती झाली आहे. नाकातोंडावर ओला कपडा धरा. वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालत जा.’ नवशिक्याचा स्वाभाविक कल असा, की ज्या पडद्याची आज्ञावली तो त्या वेळी लिहीत असेल तेथेच अवतरणचिन्हांत हे वाक्य टाकून मोकळे व्हावे. मग ते वाक्य सूचनेच्या पडद्यावर येते, मदतीच्या पानावर येते, सरावाच्या पानावर येते, असे करीत सात ठिकाणी विखुरते. पुढे एखादा अनुभवी सुरक्षा अधिकारी सांगतो, की नुसते ‘चालत जा’ पुरे नाही, ‘एकत्र जमण्याच्या जागेकडे जा’ असे हवे. विद्यार्थी शोधून शोधून सहा ठिकाणी दुरुस्ती करतो आणि सातवे ठिकाण नजरेतून सुटते. ज्या दिवशी प्रसंग ओढवेल त्या दिवशी एका कामगाराच्या हातात सातवा पडदाच उघडा असेल, आणि त्याच्या शेजाऱ्याला मिळालेली सूचना त्याला मिळालेली नसेल. ही चूक यंत्राची नव्हे. मजकूर सात जागी ठेवण्याच्या सवयीची आहे.

दुसरा लाभ बारीक आहे, पण कारागिराला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारी जी प्रणाली, जिला कंपायलर म्हणतात, ती अवतरणचिन्हांच्या आत डोकावत नाही. तेथे तुम्ही ‘हजेरी’ऐवजी ‘हजरी’ लिहिलेत तर ती निमूटपणे ते स्वीकारते, आणि आज्ञावलीच्या एका भागाने ‘हजेरी’ या नावाखाली जपून ठेवलेली माहिती दुसरा भाग ‘हजरी’ या नावाने मागू लागला, की त्याच्या हाती काही लागत नाही. हेच नाव एकदा स्थिरांक म्हणून जाहीर केले आणि सर्वत्र त्या स्थिरांकाचा उपयोग केला, तर स्थिरांकाच्या नावातील चूक कंपायलर तत्क्षणी पकडतो, कारण त्या नावाची कोणतीही वस्तू त्याच्या दप्तरी नोंदलेली नसते. जी चूक वापरणाऱ्याच्या हाती ॲप पडल्यानंतर उघडकीला आली असती ती लिहिणाऱ्याच्या मेजावरच थांबते. यासाठी जावा भाषेत ‘स्टॅटिक फायनल’, कॉटलिनमध्ये ‘कॉन्स्ट व्हॅल’, स्विफ्टमध्ये ‘लेट’ आणि डार्टमध्ये ‘कॉन्स्ट’ अशी घोषणा करतात. शब्द निरनिराळे, आशय एकच.

परंतु माणसाने वाचावयाच्या मजकुरासाठी याहूनही पुढचे पाऊल टाकलेले आहे. ॲण्ड्रॉइडच्या रचनेत असा मजकूर आज्ञावलीत मुळीच न ठेवता ‘स्ट्रिंग्ज’ नावाच्या एका स्वतंत्र फाइलीत, ‘व्हॅल्यूज’ नावाच्या कप्प्यात ठेवतात. तेथे प्रत्येक वाक्याला एक नाव दिलेले असते, आणि ॲप बांधले जाताना यंत्र त्या प्रत्येक नावाला एक क्रमांक बहाल करते. सोळाच्या पायावर लिहिलेल्या या आठ स्थानी क्रमांकाची घडण पाहण्यासारखी आहे: पहिली दोन स्थाने हा मजकूर कोणाच्या मालकीचा, म्हणजे ॲपचा की मूळ प्रणालीचा, हे सांगतात, पुढची दोन स्थाने तो कोणत्या जातीचा, म्हणजे वाक्य की चित्र की रंग, हे सांगतात, आणि शेवटची चार स्थाने त्या जातीतला त्याचा अनुक्रम दाखवतात.

हे वाचताना मला लोट्याच्या पत्त्यातील ४१५७२२ या पिनकोडाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. पिनकोडातही पहिला आकडा देशाचा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपालघर दाखवतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत ज्यांनी आखली ते टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर याच रत्नागिरी जिल्ह्यात १९१५ साली जन्मले आणि संस्कृतचे कवी म्हणूनही नावाजले गेले. एकाच नावाची गावे अनेक, एकाच गावाचे नाव लिहिण्याच्या लिपी अनेक, आणि पत्र तर बिनचूक पोहोचले पाहिजे, या पेचातून त्यांनी काढलेली वाट आणि ॲण्ड्रॉइडच्या कर्त्यांनी अनेक वर्षांनंतर काढलेली वाट या दोहोंमागील विचार एकच आहे: नाव लोकांसाठी मोकळे सोडावे आणि ओळख क्रमांकात बांधावी.

एकदा मजकूर असा वेगळा काढला, की भाषांतराचे दार आपोआप उघडते. मूळ कप्प्याशेजारी ‘व्हॅल्यूज’ या शब्दापुढे आडवी रेघ आणि मराठीची आंतरराष्ट्रीय अक्षरखूण ‘एमआर’ अशा नावाचा दुसरा कप्पा करावा आणि त्यात त्याच नावांखाली मराठी वाक्ये लिहावी, एवढे पुरे होते. फोनची भाषा मराठी असेल तर यंत्र मराठी कप्प्यातून वाक्य उचलते. हिंदीसाठी, ओडियासाठी असेच कप्पे करता येतात, आणि लोट्यासारख्या ठिकाणी, जेथे एकाच पाळीत कोकणातला, बिहारातला आणि ओडिशातला माणूस खांद्याला खांदा लावून काम करतो, तेथे ही चैन नसून निकड आहे. मराठी कप्प्यात एखादे वाक्य लिहावयाचे राहून गेले तर यंत्र कुरकुर न करता मूळ कप्प्यातले, बहुधा इंग्रजी, वाक्य दाखवते. मूळ कप्प्यातही ते नसेल आणि फोनची भाषा तिसरीच असेल तर मात्र ॲप जागच्या जागी बंद पडते. आयफोनच्या बाजूलाही ‘लोकलायझेबल’ नावाच्या फाइलीची अशीच तजवीज पूर्वीपासून आहे आणि २०२३ साली तिच्या जोडीला ‘स्ट्रिंग कॅटलॉग’ ही अधिक सोयीची नोंदवही आली.

येथपर्यंतची कथा कोणत्याही भाषेची झाली. मराठीची स्वतंत्र कथा येथून पुढे सुरू होते, आणि तीच मला अधिक जिव्हाळ्याची वाटते.

प्रवासाच्या एका ॲपवर काही काळापूर्वी मी ‘पुणेला जाणारी गाडी’ असे वाचले आणि मन खट्टू झाले. ज्याने ते लिहिले तो अज्ञानी होता असे मी मानीत नाही. त्याने ‘ला जाणारी गाडी’ एवढाच तुकडा स्थिरांक केला आणि त्याआधी गावाचे नाव चिकटवण्याचे काम यंत्रावर सोपवले. खेड आले तर ‘खेडला’, दापोली आली तर ‘दापोलीला’, रत्नागिरी आली तर ‘रत्नागिरीला’, येथवर सारे सुरळीत चालते आणि लिहिणाऱ्याची फसगत होते. परंतु पुणे आले की ‘पुण्याला’ हवे, ठाणे आले की ‘ठाण्याला’ हवे, आणि आपले लोटे आले की ‘लोट्याला’ हवे. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामाला जो विकार होतो त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि तो मराठीचा असा धर्म आहे की इंग्रजीच्या साच्यात वाढलेल्या आज्ञावलीला तो स्वप्नातही आठवत नाही. इंग्रजीत गावाचे नाव सुटे राहते आणि शब्दयोगी शब्द त्याआधी सुटाच उभा राहतो; मराठीत मात्र नाम आणि प्रत्यय एकमेकांत मिसळून नवे रूप धारण करतात.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही स्थिरांकांच्याच मार्गाने जातात. एक असा, की प्रत्येक गावाची दोन रूपे, मूळ ‘लोटे’ आणि सामान्यरूप ‘लोट्या’, ही वेगवेगळ्या नावांखाली नोंदवावी आणि जेथे प्रत्यय लागणार असेल तेथे दुसरे वापरावे. दुसरा आणि अधिक साधा उपाय असा, की वाक्यच असे रचावे की नामाला प्रत्यय लागू नये: ‘मुक्काम: लोटे’, ‘येथून: पुणे’. कोणत्याही परिस्थितीत वाक्याचे तुकडे करून ते यंत्राकडून सांधून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थिरांक करावयाचा तो पुऱ्या वाक्याचा. वाक्यात नाव, संख्या, तारीख अशी बदलणारी जागा असेल तर तेथे टक्केचिन्ह आणि अनुक्रमांक यांनी बनलेली खूण ठेवण्याची सोय आहे. आणि त्या खुणांना अनुक्रमांक देण्याचे कारणच हे, की इंग्रजीत कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, तर मराठीत क्रियापद शेवटी, तेव्हा भाषांतर करणाऱ्याला त्या जागा आपल्या भाषेच्या चालीने पुढेमागे करता आल्या पाहिजेत.

संख्येचा प्रश्नही असाच. लोट्याच्या त्या कल्पिलेल्या ॲपमध्ये गळतीनंतर जमण्याच्या जागी किती माणसे सुखरूप पोहोचली याची मोजणी दाखवावयाची आहे. ‘१ कामगार बाहेर आला आहे’ आणि ‘५ कामगार बाहेर आले आहेत’: नाम तेच राहिले, पण क्रियापद दोन्ही अंगांनी बदलले. ‘१ गाडी’ आणि ‘५ गाड्या’ येथे नामही बदलले. युनिकोड संस्थेने जगातील भाषांच्या व्यवहाराची जी माहिती संगृहीत केली आहे तीत मराठीला एकवचन आणि इतर असे दोन वर्ग दिले आहेत, जपानीला एकच, तर अरबीला सहा; आणि ॲण्ड्रॉइडच्या मजकुराच्या फाइलीत या वर्गांसाठी स्वतंत्र घरे आखलेली आहेत. लिंगाचा पेच याहून नाजूक आहे. बाहेर आलेली कामगार स्त्री असेल तर ‘आला आहे’ हे तिचा अवमान करणारे होते. २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीपासून ॲण्ड्रॉइडने वापरणाऱ्याच्या लिंगानुसार मजकूर निवडण्याची सोय केली आहे हे खरे, तथापि मराठीचा जाणकार लेखक वाक्य वळवूनही हा पेच सोडवू शकतो: ‘तुमची हजेरी नोंदली गेली’ असे म्हटले की क्रियापद हजेरीच्या लिंगाने चालते आणि वाचणारा पुरुष असो वा स्त्री, दोघांचाही मान राखला जातो.

आता जी गोष्ट सांगावयाची ती पुष्कळ अनुभवी लोकांनाही ठेच लागल्यावरच कळते. मजकूर माणसासाठी आणि मजकूर यंत्रासाठी या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची सरमिसळ होऊ देता कामा नये. मराठी वापरणाऱ्यासाठी देवनागरी अंक हेच युनिकोडच्या त्या संग्रहात स्वाभाविक मानलेले असल्यामुळे फोनची भाषा मराठी ठेवताच यंत्र तारीख ‘२०२५’ अशी देवनागरीत लिहू लागते, आणि हे योग्यच आहे. पण तीच तारीख पडद्यावर दाखवण्याऐवजी दूरच्या संगणकाकडे पाठवावयाची असेल, तर त्या संगणकाला हे अंक ओळखीचे नसतात आणि व्यवहार अडतो. इंग्रजीत तपासलेले ॲप मराठी फोनवर अडखळते त्याच्या मुळाशी कित्येकदा एवढेच असते.

दुसरे उदाहरण तर खास आपल्या लिपीचे आहे. ‘ॲसिड’ या शब्दातले आद्य अक्षर २००८ साली युनिकोडच्या कोष्टकात स्वतंत्रपणे दाखल झाले. त्यापूर्वी लोक ‘अ’वर अर्धचंद्राची खूण चढवून ते साधीत आणि आजही कित्येक कळफलकांवर तसेच साधतात. ‘वाऱ्याच्या’ या शब्दातील अर्धा र देखील दोन भिन्न रीतींनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द होत. म्हणून पडद्यावर दिसणारे मराठी शब्द एकमेकांशी ताडून आज्ञावलीने कोणताही निर्णय घेऊ नये. ताडावे ते स्थिरांकाचे नाव; मजकूर फक्त दाखवावा.

मजकूर एका फाइलीत गोळा झाल्याने आणखी एक उपकार होतो: भाषेची शिस्त किंवा तिचा अभाव एका नजरेत दिसू लागतो. एका पडद्यावर ‘पाळी’, दुसऱ्यावर ‘शिफ्ट’, तिसऱ्यावर ‘सत्र’, असे पंचवीस पडद्यांत विखुरलेले असताना कोणाच्या ध्यानात येत नाही; एकाखाली एक ओळीने मांडले की लहान मूलही बोट ठेवील. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, त्यात सुमारे चौदाशे दरबारी शब्द दहा वर्गांत मांडून प्रत्येकापुढे संस्कृत पर्याय लिहिला होता. आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्याच वर्षी स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश त्याच धोरणाने तयार केले. एका संकल्पनेला एक शब्द, आणि तो एका जागी लिहिलेला. ॲपच्या मराठी फाइलीला मी याच परंपरेत बसवतो. मात्र शब्द निवडताना कामाच्या जागी वावरणाऱ्यांच्या तोंडचा शब्द प्रमाण मानावा असा माझा आग्रह आहे: ‘पाळी’ हा शब्द कामगार बोलतो तेव्हा तो ठेवावा, आणि ‘व्हॉल्व्ह’ला तो व्हॉल्व्हच म्हणतो, तेव्हा संकटसमयी त्याला ‘झडप’ शोधावयास लावू नये.

आणि शब्द बदलतात. लोट्यावरून जाणारा हा महामार्ग कित्येक वर्षे क्रमांक १७ चा होता. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले आणि तो ६६ झाला. त्याच वर्षी रुपयाला स्वतःचे चिन्ह मिळाले. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. असा प्रत्येक बदल ज्या ॲपने मजकूर एका जागी ठेवला होता त्याच्या कर्त्याला एका ओळीच्या दुरुस्तीत पार पाडता आला. ज्याने तो विखुरला होता त्याला पडद्यामागून पडदे धुंडाळावे लागले.

लवेलच्या, रत्नागिरीच्या, सावंतवाडीच्या किंवा कोठल्याही गावच्या ज्या तरुणाने किंवा तरुणीने पहिले ॲप करावयास घेतले असेल, त्यांना माझी विनंती आहे. पहिल्या दिवशी, पहिला पडदा आखण्यापूर्वी, मराठीचा कप्पा उघडा. त्यात पहिले वाक्य पुरे लिहा, त्याला अर्थपूर्ण नाव द्या, आणि आपल्या आईला किंवा शेजारच्या कामगाराला ते मोठ्याने वाचावयास सांगा. त्यांची जीभ जेथे अडखळेल तेथे दुरुस्ती करा. ती एकाच ओळीत करावी लागेल.